एकेचाळीस घरांच्या किल्ल्या

बीड जिल्ह्यातली माणसं दरवर्षी आमच्या गावाला येतात. आमच्या गावातलं कुणी त्यांच्या गावाला गेल्याचं मात्र मी कधी ऐकलं नव्हतं. आमचं घर कृष्णाकाठी. दिवाळी झाली की साखर कारखान्यामागच्या माळावर पाचटाच्या झोपड्या, म्हणजे कोप्या, उभ्या राहतात, ऊस संपला की त्या निघतात. मधले पाच-सहा महिने आम्ही त्या शेकडो माणसांना एकाच नावानं ओळखतो: बीडवाले. कोण नेकनूरचा, कोण सिरसाळ्याचा, हे विचारायची तसदी गावानं घेतलेली नाही. मीही घेतली नव्हती.

माझ्या आईची छोटी छपाई आहे. लग्नपत्रिकांवर घर चालायचं आणि उरलेल्या कागदावर पत्रकं निघायची: पाण्यासाठी, एसटीसाठी, हुंड्याविरुद्ध. मी वाचायला शिकले तीच मुळी त्या ओल्या शाईच्या कागदांवर. यंदा मी मोबाइलवरच्या पैशांच्या खेळांविरुद्ध पत्रक लिहिलं आणि ते वाटायला कोप्यांवर गेले. सुनीता नावाच्या एका ऊसतोड बाईनं ते उभ्याउभ्या पूर्ण वाचलं, घडी घालून कमरेला खोचलं आणि म्हणाली, "चांगलं लिव्हलंय ताई. पण तुमी आमचा बैल कुठं बघितलाय?"

तिनं फोन काढला. पडद्यावर एक तांबडा बैल खुंट्याला बांधलेला होता. खेळाचं नाव 'दावण', आणि त्यातलं प्रत्येकाचं खातं म्हणजेही दावणच. खऱ्या पैशांनी बैल घ्यायचे, वाढवायचे, गाईंना वासरं होऊ द्यायची, बाजारात न्यायचे, शर्यतीत पळवायचे. रोज चारा घातला नाही तर बैल वाळतो. मी विचारलं, "तुम्ही तर पहाटेपासून फडात. मग चारा कोण घालतं?"

"मंदामावशी. गावाकडं हाय. आमच्या समद्या वस्तीच्या किल्ल्या तिच्याकडंच असत्यात." मग तिचा आवाज उतरला. "खेळवाले आता तिलाच चोर म्हणायलेत. येत्या सोमवारी आमच्या समद्यांच्या दावणी बंद करणार हायत."

मी त्याच आठवड्यात निघाले. खरं सांगायचं तर माझ्या पत्रकाला पुरावा मिळेल, असं मनात होतं.

शुक्रवार: नेकनूर आणि पुढची वस्ती

बीडहून मांजरसुंब्याचा घाट चढला की बालाघाटचं पठार लागतं. आमच्याकडे जानेवारीत जिकडे बघाल तिकडे ऊस, डोक्यावरून जाणारा, नजर अडवणारा. इथे ज्वारी कमरेच्या वर उभी होती, मध्ये हरभऱ्याचे हिरवे तुकडे, आणि लांबपर्यंत सगळं दिसत होतं. पवनचक्क्या सावकाश फिरत होत्या. एवढं मोकळं आकाश असलेल्या मुलखातली माणसं अर्धं वर्ष आमच्या उसाच्या भिंतीत घालवतात, हे मला पहिल्यांदा जाणवलं आणि माझी मलाच लाज वाटली.

नेकनूरच्या स्टँडवर चहा घेताना मी वस्तीचा रस्ता विचारला. हॉटेलवाला म्हणाला, "कोनत्या मंदामावशी? गिरणीवाल्या?"

शेजारी बसलेला दाढीवाला म्हातारा म्हणाला, "किल्लीवाल्या म्हन की बे. गिरण्या काय पंधरा हायत." आणि मला, "जीप भरली की निघंल. भरली न्हाई तर निघनार न्हाई. घाई हाय का?"

घाई आहे म्हटल्यावर त्यानं चहा संपवून स्वतःची मोटारसायकल काढली आणि मला वस्तीवर सोडलं. नाव विचारलं तर म्हणाला, "नाव कावून? चोपड्यात लिव्हायला? राहू द्या."

वस्ती म्हणजे दोन ओळी घरं. आणि काय ती कुलपं! एका ओळीत मी वीस मोजली. अंगणं मात्र झाडलेली होती, तुळशीला पाणी होतं, एका बंद दारापुढं शेळी बांधली होती आणि तिच्यापुढं ताजा पाला पडला होता. वस्तीवर मागं उरलेले म्हातारे ओट्यावर बसले होते. त्यांच्यातल्या एकानं न विचारताच बोट दाखवलं, "गिरणी तिकडं."

मंदामावशी पन्नाशीच्या. कमरेचं दुखणं लागल्यापासून ऊसतोडीला जाणं सुटलं, मग त्यांनी पिठाची गिरणी घातली. केसांवर, भुवयांवर पीठ. गिरणीच्या भिंतीला एक लाकडी फळी, तिला खिळे आणि प्रत्येक खिळ्याला एक घराची किल्ली. प्रत्येक किल्लीला वेगळ्या कापडाची चिंधी बांधलेली. हिरवी कुणाची, फुलाफुलाची कुणाची, हे फक्त मावशींना ठाऊक.

"निघायच्या दिवशी समदे येत्यात," त्या म्हणाल्या. "किल्ली देत्यात, पाया पडत्यात, टेम्पोत बसत्यात. मी घर झाडती, शेळीला बघती, म्हाताऱ्याला भाकरी देती. त्यात नवीन काय न्हाई. माज्या सासूकडं पन अशाच किल्ल्या असायच्या."

आमच्याकडे शेजारच्या घरी हळदीकुंकवाला जाताना बायका किल्ली पदराला बांधून नेतात. मी हे सांगितलं तर मावशी हसल्या. "तुमच्याकडं कुनी जातच न्हाई ना कुठं."

मग त्यांनी डालड्याचा जुना डबा काढला. त्यात वह्यांच्या पानांच्या घड्या होत्या, तशाच चिंध्यांनी बांधलेल्या. दोन वर्षांपासून घराच्या किल्लीबरोबर लोक हेही देतात. एकेका घडीत बारा शब्द.

हे बारा शब्द काय, ते मला दत्तानं समजावलं. दत्ता तिशीतला, आधी नेकनूरला मोबाइल दुरुस्त करायचा. गिरणीच्या मागच्या खोलीत त्याचा संगणक आहे, कारण वस्तीवर भरवशाची वीज तेवढीच. पिठापासून वाचावं म्हणून त्याला जुन्या साडीचा पडदा आणि दर रविवारी सायकलच्या पंपानं साफसफाई. गिरणीची मोटर सुरू होताना वीज खाली येते आणि संगणक बंद पडतो, म्हणून मावशी आधी ओरडतात, दत्ता "थांबा!" म्हणतो, बॅटरी जोडतो, मग "लावा!" असं दिवसभर चालतं.

"हे बघा ताई," तो म्हणाला, "एक वही हाय. तिच्या शेकडो नकला, शेकडो लोकांच्या घरी. इथं एक, लातूरला एक, कुठं परदेशात पन. वस्तीवरचे फोन या इथल्याच नकलेतनं वाचत्यात. एकानं खाडाखोड केली तर बाकीच्या वह्या मान्यच करत न्हाईत. मालक कुनीच न्हाई. त्यालाच ब्लॉकचेन म्हनत्यात. आमच्या वहीचं नाव 'पार'. गावातल्या झाडाखालचा असतो तसा. कुनीबी यावं, बसावं."

पार आधीपासून होता. तोडीला गेलेली माणसं त्यावर आवाजातले निरोप, गाणी, पोरांचे फोटो ठेवायची. दोन वर्षांपूर्वी पुण्याची एक मंडळी 'दावण' हा खेळ घेऊन आली आणि त्यांनी बैलांच्या नोंदी पारावर ठेवायला सुरुवात केली. आता पारावरची बहुतेक वर्दळ बैलांची. खेळामुळे पाराला माणसं मिळाली आणि पारामुळे खेळाला विश्वास मिळाला, असं दत्ता म्हणतो. "पन भाडेकरू मोठा झाला की घरमालकाला नियम सांगाया लागतो," हेही तोच म्हणतो.

या पारावर प्रत्येकाची ओळख म्हणजे ते बारा शब्द. ते ज्याच्या हातात, त्याच्या हातात सगळं: बैल, बैलाची विक्री, पारावरचं मत. म्हणून पहिला नियम असा, की ते शब्द कुणालाही सांगायचे नाहीत. सख्ख्या भावालासुद्धा नाही.

एकेचाळीस घरांनी ते मंदामावशींना देऊन टाकले होते.

"मी घसा कोरडा करून सांगितलतं," दत्ता म्हणाला. "तर म्हनतात कसं, घराची किल्ली दिली, आता कपाटाची लपवून तिचा अपमान करू का?"

मावशी रोज सकाळी अंघोळ करून, चहाआधी, एकेक घडी उघडून एकेचाळीस दावणींना चारा घालायच्या. एकाच फोनवरून. आणि खेळवाल्यांच्या यंत्रणेनं तेच पकडलं होतं: एक फोन, एकेचाळीस नावं. म्हणजे एकच लबाड माणूस.

रात्रीच्या जेवणाला येसराची आमटी आणि ज्वारीची भाकरी होती. ही भाजलेल्या डाळी-मसाल्याची आमटी आमच्याकडे होत नाही. मी तिसऱ्यांदा वाढून घेतली तेव्हा मावशी म्हणाल्या, "पत्रकवाली जेवती बरी."

शनिवार: हुरडा

दुसऱ्या दिवशी पुण्याहून केतन आला. दावणी बंद करण्याआधी समक्ष बघायला आलेला खेळवाल्यांचा माणूस, माझ्याच वयाचा, पाठीवर लॅपटॉप. मी मनात त्याच्यासाठी दोन-तीन जळजळीत वाक्यं तयार ठेवली होती. दत्तानं मात्र त्याला सरळ शेतात नेलं, कारण हुरड्याचे दिवस आणि पाहुणा आलेला. गोवऱ्यांच्या आरात ज्वारीची कणसं भाजली जात होती. दत्ताची आई ती तळहातावर चोळून गरम दाणे आमच्या ओंजळीत टाकत होती. शेंगदाण्याची चटणी, गूळ, ताक. भांडण अशा जागी नीट करता येत नाही, तरी मी केलं.

"एका बाईला चोर ठरवताना तुम्ही तिला एकदा विचारलंत?" मी म्हणाले.

"चोर हा शब्द आमचा नाही," केतन म्हणाला. "आम्ही 'संशयित' लिहिलंय."

"वा! शब्द बदलला की झालं."

"ताई, तुम्ही दुसरी बाजू ऐका. एकेक माणूस पाचशे खोटी नावं काढतो. यंत्राकडून चारा घालतो, शर्यतीतली बक्षिसं उचलतो आणि बैल विकून पसार होतो. खरे खेळणारे आमच्याकडे रडतात. तुम्ही सांगता त्या सुनीताताईंसारख्यांचाच बैल त्यात हरतो. मी काय करू? एक फोन, एकेचाळीस नावं, तीन महिने रोज, त्याच वेळेला. तुम्ही माझ्या जागी काय कराल?"

मी दाणे चावत राहिले. मीही तेच केलं असतं.

"पन बंद करायच्या आधी पाराला इचारायला नको का?" दत्ता म्हणाला. "नोंदी पारावर, बैल पारावर."

"खेळ आमचा आहे, दत्ताभाऊ. खेळात कोण असावं हे पण पारानं ठरवायचं?"

"मग तुमची वही तुमच्या घरी ठिवा की!"

"ठेवू शकतो. मग त्या वहीवर विश्वास कोण ठेवेल?"

दोघंही खरं बोलत होते, हे मला त्रासदायक वाटलं. पत्रकात एकच बाजू खरी असते.

दत्तानं पारावर ठराव टाकलेला होता: पाराला विचारल्याशिवाय खेळवाल्यांनी कुणाची दावण बंद करू नये. पारावरच्या प्रत्येकाला एक मत. मुदत रविवारी दुपारी बारापर्यंत. ठराव पास झाला तर मावशींकडच्या एकेचाळीस दावणी वाचणार होत्या. शनिवारी संध्याकाळी दत्तानं पाहिलं, तर ठराव तीस-पस्तीस मतांनी मागं होता.

मी फळीवरच्या किल्ल्यांकडे पाहिलं. दत्तानंही पाहिलं. केतन नेकनूरला मुक्कामाला गेला होता.

"मावशी," मी म्हणाले, "त्या डब्यात एकेचाळीस मतं आहेत."

मावशींनी पीठ चाळणं थांबवलं नाही. "मला ठाव हाय," त्या म्हणाल्या. "सकाळी लिंबागणेशला जायचंय. संगट चला."

रविवार: लिंबागणेश

मी देवदर्शनाला जाणाऱ्यातली नाही. पण मावशींच्या पिशवीत तो डबा होता आणि बारा वाजायला चार तास होते, म्हणून गेले. सकाळी ऊन कोवळं होतं. देवळाबाहेर दुर्वा-फुलांच्या टोपल्या, पेढे, शेवचिवडा. मावशींनी आत जाऊन एवढा वेळ हात जोडले, की मी बाहेर तीनदा फोन बघितला. ठराव अजून मागंच. त्या बाहेर आल्या, पायरीवर बसल्या, माझ्या हातात खोबरं ठेवलं.

मी सुरू केलं. इतकं कळवळून मी कुठल्या सभेतही बोललेले नाही. हे अन्यायाविरुद्धचं मत आहे, म्हणाले. ज्यांचे बैल त्यांच्याच भल्यासाठी आहे. विचारलं तर सगळी हो म्हणतील, पण फडात फोन लागत नाहीत आणि वेळ नाही. तुम्ही फक्त त्यांच्या मनातलं बटण दाबायचं.

मावशींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "झालं का?"

"झालं."

"सुनीताच्या घरात दोन खोल्या हायत. मी पुढची झाडती. आतल्या खोलीत तिची पेटी हाय. पेटीला कुलूप न्हाई. चार वर्सं झाली, त्या पेटीत काय हाय मला ठाव न्हाई." त्यांनी खोबऱ्याचा तुकडा तोडला. "किल्ली दिली ती झाडायला दिली. चारा घालायला दिली. माजं खरं हाय म्हनून तिच्या नावानं मत टाकू? उद्या दुसऱ्या कुनाचं खरं असंल."

"पण मावशी, मग बैल जातील. आणि लोक परत आल्यावर तुम्हालाच विचारतील."

"इचारतील की." त्यांनी पिशवीतला डबा मांडीवर घेतला. "त्याचंच भ्या वाटतंय. चोर म्हनले कुनी पुन्याचे, त्याचं काय न्हाई. पन टेम्पोतनं उतरल्या उतरल्या किल्ली मागायला येत्यात ना समदे, तवा मी एकेकाला काय सांगू, की तुजा बैल माज्यामुळं गेला? मी रोज चारा घातला म्हनून गेला?"

आम्ही पेढे घेऊन परतीच्या जीपमध्ये बसलो. वाटेत बारा वाजले. मी फोन बघितला. ठराव चौतीस मतांनी पडला होता.

गिरणीत पोचलो तर दत्ता रागानं लाल. "बंद करतो मी संगणक! नको त्यांचे बैल आपल्या वहीत!" मी म्हणणारच होते की कर. पण मावशी चप्पल काढता काढता म्हणाल्या, "कर की. मग दुपारनं इथं मागं राहिलेल्या सुनीताच्या पोरीनं आईचा आवाज ऐकायचा कुठं?" दत्ता साडीच्या पडद्याआड जाऊन बसला.

केतन दळणाच्या पोत्यावर लॅपटॉप घेऊन बसला होता. तो जिंकला होता, पण तसा दिसत नव्हता.

"मावशी," तो म्हणाला, "मी सकाळपासून तुमच्या एकेचाळीस दावणींच्या नोंदी बघतोय. तीन महिन्यांच्या. सगळ्या पारावर आहेतच." त्यानं लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. "तुम्ही चारा घातलाय. फक्त चारा. एक बैल विकला नाही, शर्यतीत उतरवला नाही, वासरू इकडचं तिकडे केलं नाही. लबाड माणूस असं करत नाही. पण तेवढ्यानं माझी खातरी पटली नसती."

"मग कशानं पटली?" मी विचारलं.

"बारापर्यंत मी मतं बघत होतो. चौतीस मतांनी ठराव पडत होता आणि यांच्या हातात एकेचाळीस होती. त्यातलं एकही पडलं नाही." तो मावशींकडे वळला. "तुम्ही टाकली असतीत तर मी तेवढ्यावरच तुम्हाला बाहेर काढलं असतं."

मी खाली बघितलं. पायरीवरचं माझं सगळं भाषण आठवलं.

"खातरी पटली ना? मग तुमचा नियम?" मावशी म्हणाल्या.

"नियम तसाच ठेवावा लागेल. एका हातात एकेचाळीसांचे बारा शब्द, हे मी चालू दिलं तर उद्या चोर पण म्हणेल, मी मावशी आहे."

पडद्याआडून दत्ताचा आवाज आला. "मी वरीसभर काय सांगायलोय? पारावर छोटी किल्ली हाय! रोजच्या कामापुरती. तिनं बैल विकता येत न्हाई, मत टाकता येत न्हाई. तुमीच कदी वापरली न्हाई. नुसता बैल बघायला काय लागत न्हाई, पन चाऱ्याला बारा शब्द मागता!"

केतननं लॅपटॉप मिटला. मग म्हणाला, "खेळ घाईत उभा केला. मोठी मागितली, मोठीच राहिली." आणि उठता उठता, "किती वेळ लागेल, दत्ताभाऊ?"

"तुमी पडद्याच्या आत या. चप्पल बाहेर ठिवा."

दोघं दुपारभर त्या खोलीत डोकं घालून होते. केतननं पुण्यातल्या दोघांना सुट्टीच्या दिवशी कामाला बसवलं, त्यांच्या शिव्या फोनवर आम्हालाही ऐकू आल्या. तीनच्या सुमाराला खेळात चाऱ्यापुरती छोटी किल्ली चालू लागली. केतनची अट एकच: प्रत्येक मालकानं स्वतःच्या फोनवरून, स्वतःचा चेहरा दाखवून, ती किल्ली मावशींना द्यायची आणि आपले बारा शब्द नवे करून घ्यायचे. सोमवारी सकाळपर्यंत. जो राहील त्याची दावण बंद.

माणसं फडातून कोप्यांवर परतायला लागली, आणि मग सुरू झाली फोनाफोनी. पण त्यासाठी लागणारे जुने बारा शब्द मालकांजवळ कुठे होते? ते डब्यात. मावशींनी आम्हाला तिघांनाही गिरणीबाहेर काढलं, दार लावलं आणि आतून एकेकाला त्याचे शब्द वाचून दाखवायला लागल्या. बाहेर दळणवाल्या बाया ताटकळल्या. एकीनं दार वाजवलं, "मंदे, बाजरी दळती का भविष्य सांगती?" आतून उत्तर आलं, "थांब गं, कागद सरमिसळ झालेत!" दोन भावांच्या घड्यांच्या चिंध्या एकाच साडीच्या निघाल्या होत्या, आणि थोरला अर्धा तास धाकट्याच्या दावणीत शिरायचा प्रयत्न करत होता.

अंधार पडायच्या आत सदतीस झाले. राहिली चार, सगळी सुनीताच्या टोळीतली, आमच्या गावच्या माळावर. चौघांचे फोन बंद.

मी आईला फोन लावला. "आई, कारखान्यामागच्या कोप्यांवर जा. सुनीताला शोध. तुझा फोन दे, तिच्या फोनला चार्जर दे."

आई म्हणाली, "आत्ता?" आणि मग लगेच, "जाते."

तासाभरानं आईचा फोन आला. ती एका कोपीत बसून कोरा चहा पीत होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "अगं, यांना लाईट नाही! कारखान्याचा उजेड यांच्या ताटात पडतोय आणि कोपीत एक बल्ब नाही. फोन चार्ज करायला ही माणसं हॉटेलात पैसे देतात. हे आपल्याला दिसलं कसं नाही?" तिनं चारही फोन आमच्या छपाईच्या दुकानात नेऊन लावले आणि सुनीताच्या टोळीला तिथंच शाईच्या डब्यांवर बसवलं. जेवणाच्या वेळेपर्यंत एकेचाळीस पूर्ण झाले. पत्रक कशावर काढायचं, हे आईनं मला फोन ठेवायच्या आत सांगितलं. ते आम्ही काढलं, आणि त्याची हकीकत इथली नाही.

सोमवार

सकाळी मावशींनी अंघोळ केली, डोक्यावर पदर घेतला आणि फोन उघडला. मी आणि केतन शेजारी बसलो. आता बारा शब्द टाकायचे नव्हते. छोटी किल्ली लावली की प्रत्येक दावणीचा फक्त गव्हाणीकडचा भाग दिसायचा: बैलाचं तोंड आणि चाऱ्याची पेंढी. बाजार नाही, वासरं नाही, मतं नाहीत. मावशी एकेका बैलाचं नाव घेत पुढे जात होत्या. एकविसाव्याला थांबून म्हणाल्या, "आता बरं हाय. बाकीचं दिसतच न्हाई. लई ओझं व्हतं बघा ते डोळ्यांवर."

केतननं लॅपटॉपवरच्या यादीतून 'संशयित' हा शब्द काढला. त्याच्या जागी काय लिहावं, ते त्याला सुचेना. दत्तानं सांगितलं, "राखनदार लिव्हा." त्यानं लिहिलं, आणि खेळात आता तसा रकाना आहे. एका माणसानं दुसऱ्याच्या बैलाला चारा घालणं हा गुन्हा नसून काम आहे, एवढी नोंद त्या शेकडो वह्यांत झाली. पैसे लावून खेळ खेळणं मला आजही मान्य नाही आणि त्यावर माझं केतनशी जीप येईपर्यंत भांडण झालं. पण माझ्या पत्रकात खेळणारी माणसं नव्हती, फक्त खेळ होता. ते मी दुरुस्त केलं आहे.

मावशींनी डबा चुलीपाशी नेला आणि जुन्या घड्या एकेक करून चुलीत घातल्या. चिंध्या मात्र सोडवून बाजूला ठेवल्या. त्या कागदांच्या जाळावर पाण्याला आधण आलं, त्याचा चहा झाला.

चहा ओततच होत्या, तेवढ्यात फोन वाजला. सुनीताचा आवाजी निरोप. मागून कोयत्यांचा आवाज येत होता. मावशींनी तो मोठ्यानं लावला.

"मावशी, समदं झालं बघा. पन माजा नवा कागद हितं दवात भिजतोय. लिहून घ्या तुमच्याकडं. पयला शब्द—"

केतनच्या हातातला चहा सांडला. मावशींनी झडप घालून फोन बंद केला, उलटा करून पिठाच्या डब्याखाली दाबला, जणू तो अजून बोलेल. मग तो परत काढला, बटण दाबलं आणि तोंडाजवळ धरून ओरडल्या:

"सुनीते, मी घेनार न्हाई! तुज्या कोपीतल्या पेटीत ठिव, प्लास्टिकात गुंडाळून. पेटीला कुलूप घाल. आन् त्याची किल्ली कुनाला देऊ नगं, मला बी न्हाई. कळलं का?"

बटणावरून बोट काढायच्या आधी त्यांचा आवाज खाली आला.

"बैलानं खाल्लंय गं. तू बिनघोर तोड."